अकरा मिनिटं

टेबलं पुसून झाली, तरी कॅन्टीनमधला
व्हिनेगरचा वास जात नाही.
त्याच टेबलावर मी तीन स्पर्धांची पत्रकं पसरतो
आणि सात मुलं त्यांच्यावर कोपरं टेकतात.
बर्न्ली. डिसेंबरातला बुधवार. साडेतीनलाच
खिडकीत दिव्यांची प्रतिबिंबं.

पहिली स्पर्धा गुळगुळीत कागदावर.
जिंकलात तर विमान.
किट बाराशे पौंडांचं, प्रवेश फी वेगळी,
टी-शर्ट सक्तीचे.
क्लबच्या डब्यात दोनशे अठरा आहेत,
त्यातले चाळीस केक विकून आलेले.
नाकापेक्षा मोती जड, मी पुटपुटतो.
हम्जा लगेच : सर, शिवी दिलीत का?

दुसरी नुसती एआयची.
स्क्रू नाही, वायर नाही, हात काळे होत नाहीत.
फोटो दाखवत बसायचं, हे पान, हे प्लॅस्टिक,
हेही पानच, फक्त सडलेलं.
यंत्र शिकतं, आपण चहा प्यायचा.
कॅलमला हीच हवी. त्याच्या आईलाही.
युनिव्हर्सिटीच्या अर्जात कुठलं नाव शोभेल
याबद्दल तिचा लांबलचक ईमेल आलाय.
कॅलमची एक दाढ अजून दुधाची आहे.

तिसरी झेरॉक्स, तीही तिरकी.
ॲक्रिंग्टनचा चर्च हॉल, मार्चमधला शनिवार.
डबाभर बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायची,
कॅमेऱ्याला रंग तुम्ही शिकवा, चाकं तुम्हीच बसवा.
बक्षीस : एक ढाल,
वर्षाने पुसून परत करायची.

मत घेतलं. पहिलीला तीन, दुसरीला तीन,
तिसरीला कोणी नाही.
आणि ओर्ला, जिने हात वर केलाच नाही.
सप्टेंबरपासून ती माझ्याशी
नऊ वाक्यं बोलली असेल. मी मोजत नाही,
पण बोलली असेल.
ती म्हणाली,
मोडलं तर जोडायला वेळ कोण देतं?

हे मी पाहिलंच नव्हतं.
फी पाहिली, तारीख पाहिली, बसचं भाडं पाहिलं.
मग चष्मा पुसून नियम वाचायला बसलो.
पहिलीत : रोबो थांबला की फेरी बाद.
दुसरीत मोडण्यासारखं काही नव्हतंच.
तिसरीत पाठपोट छापलेल्या कागदाच्या तळाशी,
स्टेपलच्या खाली अर्धं गेलेलं :
दुरुस्तीला अकरा मिनिटं.
पक्कड शेजारच्या संघाकडून मागितली तर चालेल.

इचलकरंजीत माझे वडील जॉबर होते.
माग अडला की हाक यायची,
आणि ते पाना घेऊन आत वाकले
की मालक दारात उभा राहून घड्याळ बघायचा.
त्या मागाच्या चौकटीवर ओतीव अक्षरं होती,
तेलाने काळी झालेली. मी बोटाने गिरवायचो.
मला वाटायचं, मागाचंच नाव असणार.
ते या गावाचं निघालं.
हे मी मुलांना सांगितलं नाही. त्यांना पाच वाजता
बस पकडायची होती.

अर्ज भरला. तिसरीचा.
संघाचं नाव? भांडण झालं.
शेवटी हम्जाने मघाची माझी शिवी लिहिली,
स्पेलिंग तीनदा विचारून.
ॲक्रिंग्टनच्या त्या हॉलमध्ये कोणीतरी माइकवरून
'मोती जड' कसं म्हणेल, देव जाणे.

पुढच्या बुधवारी कॅलम आला नाही.
आईचा ईमेल आला, सभ्य, चार ओळींचा.
त्यावर काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

सहा मुलं. व्हिनेगरचा वास.
ओर्ला स्वतःच डावं चाक उपटते,
गिअर काढून खुर्चीखाली भिरकावते,
आणि हम्जा फोनवर घड्याळ लावतो.
सगळे गुडघ्यांवर. कोणाचं तरी डोकं टेबलावर आपटतं.
चौदा मिनिटं, वीस सेकंद.
पुन्हा, ओर्ला म्हणते,
आणि चाक उपटते.